जुन्या इम्पालाचा हीटर आणि एसी : आधी हवेची पेटी, सर्वांत शेवटी गॅस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांची १९६६ ची शेव्हरोले इम्पाला ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घराच्या चौकात बरीच वर्षे झाकून उभी होती. इंजिन आणि ब्रेक यांचे काम आता पुरे झाले आहे. कारखान्यातूनच बसवून आलेल्या एसीत गॅस भरून घेतला, पण थंडावा आठवडाभरही टिकला नाही. हीटरच्या दोन्ही नळ्या कोणीतरी पूर्वीच एकमेकींना जोडून टाकल्या आहेत. आता एक कारागीर सुचवतो आहे की जुनी सामग्री सगळी काढावी आणि डॅशबोर्डखाली आजच्या पद्धतीचे तयार युनिट लावावे. ते करावे का, आणि मूळ यंत्रणा ठेवायची तर सुरुवात कुठून करावी, असे तुम्ही विचारले आहे.

मूळ यंत्रणा ठेवावी, आणि कामाची सुरुवात हीटरपासून करावी. यातला दुसरा भाग अनेकांना चमत्कारिक वाटतो, कारण गाडी थंड होत नाही ही तुमची मुख्य तक्रार आहे. परंतु या गाडीत हीटर आणि एसी या दोन स्वतंत्र वस्तू नाहीत. १९४० च्या सुमाराला पॅकार्ड कंपनीने मोटारीत एसी दिला तेव्हा त्याची कूलिंग कॉइल मागच्या आसनापलीकडे बसवली जाई आणि हीटर पुढे वेगळाच असे. १९५४ मध्ये नॅश कंपनीने गरम आणि थंड या दोन्ही कामांची यंत्रणा पुढच्या बाजूला एकत्र आणली आणि पुढे सर्वच अमेरिकन गाड्या त्या मार्गाने गेल्या. तुमच्या गाडीत ब्लोअरची हवा प्रथम कूलिंग कॉइलमधून जाते, त्यानंतर तापमानाचा फ्लॅप (हवेची वाट उघडणारी-मिटणारी झडप) ठरवील तितका तिचा भाग, इंजिनचे गरम पाणी जिच्यातून फिरते त्या हीटरच्या जाळीवरून फिरतो आणि मग दोन्ही प्रवाह मिसळून केबिनमध्ये येतात. म्हणजे थंड हवेचा रस्ता हीटरच्या अंगणातूनच जातो. तो फ्लॅप नीट बसत नसेल किंवा हीटरच्या जाळीत गरम पाणी सोडणारा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसेल, तर उत्तम कॉम्प्रेसर आणि अचूक मोजून भरलेला गॅस यांचाही उपयोग होत नाही. कॉइलमधून ८ अंशांची हवा निघते असे धरा. तिचा केवळ दहावा भाग गरम जाळीवरून जाऊन ६० अंशांचा झाला, तर केबिनमध्ये येणारे मिश्रण १३ अंशांच्या पुढे जाते. जेठातल्या दुपारी हा पाच अंशांचा फरक बसणाऱ्याला लगेच कळतो, आणि मग गॅस कमी आहे असे समजून गॅसवर गॅस भरला जातो. तुमच्याकडे नळ्या परस्पर जोडणाऱ्याने बहुधा हीच गळती थांबवण्याचा सोपा उपाय शोधला असावा, किंवा हीटरची जाळी फुटली असेल. जाळी बाहेर काढून तपासल्यावर ते कळेलच.

तयार युनिटाबद्दल माझा आक्षेप काय आहे, तेही सांगतो. या काळातल्या जनरल मोटर्सच्या गाड्यांवर फ्रिजिडेअरचा ए-६ कॉम्प्रेसर असे. त्याचे वजन १५ किलोंच्या आसपास भरते आणि एका फेऱ्यात तो सुमारे २०६ घनसेंटिमीटर वायू ओढतो. बाजारात मिळणाऱ्या युनिटांबरोबर येणारे छोटे कॉम्प्रेसर साधारण १३८ ते १५५ घनसेंटिमीटरचे असतात. आजच्या लहान गाडीला ते पुरतात, पण इम्पालाच्या काचांचे क्षेत्र, लांबलचक छत आणि उन्हात तापणारा जाड पत्रा पाहता ग्वाल्हेरच्या ४५ अंशांत मोठ्या कॉम्प्रेसरचा आणि मूळच्या रुंद कूलिंग कॉइलचा आधार सोडू नये. शिवाय डॅशखालचे साधे युनिट केबिनमधलीच हवा फिरवते. पुढच्या काचेवर कोरडी, ऊबदार हवा सोडणे त्याला जमत नाही, आणि आपल्या जानेवारीतल्या धुक्यात नेमकी तीच गरज असते. युनिट बसवण्यासाठी पत्र्याला भोके पाडावी लागतात हा तिसरा आक्षेप. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित केले. ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली आणि चॅसी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी त्या नियमांनुसार विंटेज ठरते. एसी बदलल्याने तो दर्जा जातो असे नाही, परंतु बॉडीचा पत्रा कापण्याची सवय एकदा लागली की ती कुठे थांबेल हे सांगता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात भरलेल्या जुन्या गाड्यांच्या ‘२१ गन सॅल्यूट’ सोहळ्यासारख्या ठिकाणी गाडी कधी न्यायची असेल, तर परीक्षक डॅशखाली वाकून पाहतात हेही ध्यानात ठेवावे.

आता प्रत्यक्ष काम. बॅटरीची तार सोडवून प्रथम हवेची पेटी उघडा. कूलिंग कॉइलचा भाग इंजिनच्या बाजूला, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीवर असतो आणि हीटरची जाळी त्यामागे डॅशच्या आत असते. इतकी वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांचे घर, सुकलेली पाने आणि धुळीचे थर हमखास सापडतात. ही घाण कोरडी असताना ब्रशने उडवू नये, तोंडाला चांगला मास्क लावून आधी ती ओली करावी. त्या काळच्या काही गॅस्केटांत आणि उष्णतारोधक पट्ट्यांत अॅस्बेस्टॉस असे, म्हणून ते खरडणे किंवा घासणे टाळावे. काचेखालच्या जाळीतून आत येणारे पावसाचे पाणी वाहून जाण्याची वाट आणि कॉइलखाली जमणारे पाणी बाहेर सोडणारी रबरी नळी या दोन्ही मोकळ्या करा. ती नळी तुंबली की श्रावणात एसीचे पाणी गालिच्यात उतरते आणि खालचा पत्रा आतून सडतो, तरी वरून काहीच दिसत नाही.

फ्लॅपांच्या कडांना लावलेला फोम आता हात लावताच भुकटी होईल. तेथे बंद पेशींचा फोम वापरावा. गादीसाठी मिळणारा स्पंज पाणी शोषतो आणि दोन पावसाळ्यांत कुजतो. फोमची जाडी निवडताना फ्लॅप पूर्ण मिटतो की नाही हे डोळ्यांनी पाहून ठरवावे. पेटीच्या आत दिवा लावून, खोली अंधारी करून बाहेरून पाहिले तर कोणत्या फटीतून उजेड येतो ते चटकन दिसते. पेटी भिंतीला जिथे टेकते तिथली कड, तारा आणि नळ्या आत जातात ती रबरे, स्टीअरिंगच्या दांड्याभोवतीचे रबर यांतूनही इंजिनची धग केबिनमध्ये येते. ही सगळी रबरे बदलली, गालिच्याखाली उष्णतारोधक थर टाकला आणि छताच्या अस्तरामागे पातळ थर चिकटवला, तर एसीवरचा भार गॅसला हात न लावताच बराच उतरतो. या कामात कौशल्यापेक्षा चिकाटी जास्त लागते, म्हणूनच गॅरेजमध्ये ते टाळले जाते. घरच्या माणसाने ते स्वतः करावे असे मी आग्रहाने सांगेन.

फ्लॅप व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनच्या ओढीवर, चालतात. इंजिनच्या मॅनिफोल्डपासून एक नळी टाकीकडे जाते आणि तिथून डॅशवरच्या नियंत्रकातून फ्लॅप ओढणाऱ्या निरनिराळ्या डायफ्रामांकडे (रबरी पडद्याच्या डब्यांकडे) फाटे फुटतात. नळ्यांवर रंगांच्या रेघा असतात, त्या पुसण्याआधी छायाचित्रे घेऊन ठेवा. हाताच्या व्हॅक्यूम पंपाने प्रत्येक डायफ्रामला १५ इंच (पारा) व्हॅक्यूम द्यावे आणि मिनिटभर काटा स्थिर राहतो का ते पाहावे. काटा उतरला तर डायफ्राम फाटलेला आहे. व्हॅक्यूम गेल्यावर ही यंत्रणा हवा पुढच्या काचेकडे आणि पायांकडे सोडते. काच धुरकट राहण्यापेक्षा ते बरे, असा तिच्या रचनाकारांचा सुरक्षेचा विचार त्यामागे आहे. त्यामुळे एसी उत्तम चालू असूनही समोरच्या झरोक्यांतून काहीच येत नाही आणि मालकाला वाटते की गॅस संपला. टाकीजवळचा एकदिश व्हॉल्व्हही तपासा. तो निकामी असला तर चढावर अॅक्सिलरेटर दाबताच झरोक्यांतली हवा बंद होऊन काचेकडे वळते.

हीटरची जाळी पितळ-तांब्याची आणि डागाने (सोल्डरने) जोडलेली असते, म्हणून ती दुरुस्त होण्याजोगी असते. चांगल्या रेडिएटरवाल्याकडे नेऊन ती १५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाने पाण्याखाली तपासावी. रेडिएटरच्या झाकणाचा दाब साधारण तितकाच असतो, आणि त्याहून फार जास्त दाब देऊन जुने डाग उसवण्यात अर्थ नाही. वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी वापरलेल्या गाडीत आत चुन्याची पुटे असतात. सायट्रिक आम्लाचे कोमट, सौम्य द्रावण उलट्या दिशेने फिरवून ती सुटतात, मात्र नंतर स्वच्छ पाण्याने भरपूर धुतले पाहिजे. तीव्र आम्लाने डागच खाल्ला जातो. हीटरच्या नळ्यांपैकी एक पाच-अष्टमांश इंची आणि दुसरी पाऊण इंची असते. दोन्ही एकाच मापाच्या आणून क्लँप आवळून बसवण्याचा प्रयत्न करू नये. पाण्याचा व्हॉल्व्ह नवा घ्यावा, कारण बंद स्थितीत तो शंभर टक्के बंद होणे हाच या साऱ्या खटाटोपाचा गाभा आहे. इंजिन पूर्ण तापल्यावर व्हॉल्व्ह बंद करून त्याच्या अलीकडची आणि पलीकडची नळी हाताने चाचपून पाहा. पलीकडची नळी दहा मिनिटांनंतरही गार राहिली पाहिजे.

हीटरबद्दल आणखी एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. आपल्याकडे इंजिन तापेल या भीतीने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकण्याची पद्धत अनेक वर्षे चालत आली आहे. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन डिसेंबर-जानेवारीत कामाच्या तापमानाला पोहोचतच नाही, हीटरमधून कोमट हवा येते, पेट्रोल जास्त जळते आणि सिलिंडरची झीजही वाढते. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट बसवा. त्यानंतरही उन्हाळ्यात इंजिन तापले तर दोष रेडिएटर, पंखा किंवा इग्निशनच्या टायमिंगमध्ये शोधावा. कूलंट म्हणून गंजरोधक घटक असलेले एथिलीन ग्लायकॉलचे ३० ते ४० टक्के मिश्रण डिस्टिल्ड पाण्यात वापरावे. पाणी गोठण्याची भीती आपल्याकडे नसली, तरी पितळ, डाग आणि ओतीव लोखंड एकाच पाण्यात असताना गंज थांबवण्यासाठी ते लागतेच.

हीटर, पेटी आणि फ्लॅप यांचे काम झाल्यावर उष्णता बाहेर टाकण्याच्या बाजूकडे वळावे. एसी केबिनमधली उष्णता उचलून कंडेन्सरमधून बाहेरच्या हवेला देतो, आणि ती बाहेरची हवाच ४५ अंशांची असेल तर कंडेन्सरला फार कठीण परिस्थितीत काम करावे लागते. कारखान्यातून एसीसह आलेल्या गाड्यांना जास्त पात्यांचा पंखा, त्याचा तापमानानुसार पकडणारा क्लच आणि भोवती श्राउड, म्हणजे हवा रेडिएटरमधूनच ओढली जावी म्हणून लावलेले कडे, असे. आपल्याकडच्या गाड्यांत हे श्राउड बहुधा नाहीसे झालेले असते. रेडिएटर काढताना अडचण होते म्हणून कोणीतरी ते काढून ठेवतो आणि ते पुन्हा कधी लागत नाही. श्राउडवाचून पंखा आजूबाजूची तीच गरम हवा घुसळत राहतो. मूळचे मिळाले नाही तर पत्र्याचे घडवून घ्या, पण पाती साधारण निम्मी आत आणि निम्मी बाहेर राहतील असे ते बसले पाहिजे. रेडिएटर आणि कंडेन्सर यांच्या कडांना असलेल्या फटी रबरी पट्ट्यांनी बंद कराव्यात, म्हणजे हवा बगल देऊन निसटणार नाही.

कंडेन्सरच्या बाबतीत मी मूळ वस्तूचा आग्रह धरत नाही. जुना कंडेन्सर आर-१२ या गॅसासाठी बनलेला होता. तुम्हाला आता आर-१३४ए वापरायचा आहे, आणि शून्य अंशाला त्याचा दाब आर-१२ पेक्षा किंचित कमी असला तरी उच्च तापमानाला तो वरचढ होतो. ६५ अंशांच्या कंडेन्सरमध्ये आर-१२ चा दाब सुमारे २३० पीएसआय असतो, तर आर-१३४ए चा सुमारे २६०. म्हणून जुन्या नळी-पत्तीच्या कंडेन्सरऐवजी त्याच मापाचा, समांतर प्रवाहाचा अॅल्युमिनियमचा कंडेन्सर मूळ ब्रॅकेटांवर बसवावा. गाडीच्या पुढच्या ग्रिलमागे तो दिसत नाही, पत्रा कापावा लागत नाही, आणि जुना जपून ठेवला तर केव्हाही परत बसवता येतो. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात हा एकच बदल इतर सर्व बदलांपेक्षा जास्त गुण देतो असा माझा अनुभव आहे.

आर-१२ च का वापरू नये, असे विचारणारे अजून भेटतात. ओझोन थराला घातक म्हणून माँट्रियल करारानुसार त्याचे उत्पादन थांबले, आणि भारतात १ ऑगस्ट २००८ पासून ते बंद झाले. त्यामुळे आज त्या नावाने कोणी सिलिंडर दाखवला तर आत काय आहे याची खात्री देता येत नाही. प्रोपेन-ब्यूटेनचे मिश्रण ‘आर-१२ च्या बदली’ म्हणून भरून देणारेही आहेत. ते थंडावा देते हे खरे, पण ते स्वयंपाकाच्या गॅसाइतकेच ज्वालाग्राही आहे, आणि कूलिंग कॉइल फुटली तर ते थेट केबिनच्या हवेत येते. ते आपल्या गाडीत कधीही भरू देऊ नका. आर-२२ चा दाब या जुन्या सामग्रीला पेलणारा नाही, म्हणून तोही वर्ज्य.

गॅस बदलला की तेल बदलावे लागते. आर-१२ बरोबर खनिज तेल फिरत असे, ते आर-१३४ए मध्ये विरघळत नाही. ते कॉइलच्या तळाशी साचून राहते, कॉम्प्रेसरकडे परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जळतो. कॉम्प्रेसर उतरवून जुने तेल निथळू द्या आणि ते मोजा, त्याचा रंग पाहा. काळे आणि जळका वास असलेले तेल किंवा त्यात चमकणारा धातूचा चुरा दिसला तर कॉम्प्रेसर पूर्ण खोलावा लागेल. तसे नसेल तर पुढचे शाफ्ट सील नव्या दुहेरी ओठाच्या सीलने बदलणे आणि सर्व ओ-रिंगा आर-१३४ए ला चालणाऱ्या एचएनबीआर रबराच्या घेणे एवढे सहसा पुरते. तुमचा गॅस आठवडाभरात गेला त्याचे पहिले संशयित हे शाफ्ट सीलच आहे. वर्षानुवर्षे शाफ्ट फिरला नाही की सील एका जागी सुकते. नवे तेल एस्टर प्रकारचे घ्यावे, कारण राहिलेल्या थोड्याशा खनिज तेलाशी त्याचे जमते. आजच्या गाड्यांतले पॅग तेल त्या बाबतीत फार नाजूक असते आणि हवेतला ओलावाही झपाट्याने शोषते. ए-६ मध्ये सुमारे ३०० मिलीलिटर तेल असते. ते कॉम्प्रेसर, कॉइल आणि ड्रायर (गॅसातला ओलावा शोषणारा डबा) यांत विभागून घालावे.

कूलिंग कॉइल आणि धातूच्या नळ्या फ्लशिंगच्या द्रावकाने धुऊन नायट्रोजनने कोरड्या करा. पेट्रोल किंवा रॉकेल घालून धुण्याची पद्धत पूर्णपणे सोडून द्यावी. त्याचा अंश आत राहतो, तेल पातळ करतो, आणि आगीचा धोका वेगळाच. जुनी रबरी नळी वरून सुस्थितीत दिसली तरी बदला. आर-१३४ए चे रेणू लहान असतात आणि साध्या रबरातून हळूहळू झिरपतात, म्हणून आत नायलॉनचा थर असलेली नळी घ्यावी. मूळ टोके ठेवून नवी नळी दाबून बसवून देणारे कारागीर मोठ्या शहरांत मिळतात. ड्रायर नवाच हवा आणि त्यातले शोषक द्रव्य एक्सएच-७ किंवा एक्सएच-९ जातीचे हवे. जुने एक्सएच-५ आर-१३४ए बरोबर टिकत नाही. ड्रायरची टोपणे यंत्रणा बंद करण्याच्या अगदी आधी काढा, कारण उघड्या हवेत तो काही तासांतच ओलावा पिऊन निकामी होतो.

तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रात कॉइलच्या बाहेर पडणाऱ्या नळीवर जाड चंदेरी नळकांडे दिसते, तो पीओए व्हॉल्व्ह आहे. कॉम्प्रेसर सतत चालू ठेवून कॉइलवर बर्फ धरू न देणे हे त्याचे काम. त्यासाठी तो कॉइलमधला दाब ३० पीएसआयच्या थोडा खाली धरून ठेवतो. आर-१३४ए साठी तो सुमारे २६ ते २७ वर आणावा लागतो, नाहीतर कॉइल पुरेशी गार होत नाही. व्हॉल्व्ह खोलून दाब जुळवणे हे बाकावर, मोजमापाच्या साधनांनिशी करण्याचे काम आहे. तसा माणूस मिळाला तर मूळ व्हॉल्व्ह राखावा. मिळाला नाही तर आतले यंत्र काढून, बाहेरचे नळकांडे तसेच ठेवून, कमी दाबाला कॉम्प्रेसरचा क्लच बंद-चालू करणारा स्विच बसवण्याचा मार्ग आहे, आणि रोजच्या वापराला तो पुरेसा आहे. कोणत्याही मार्गाने गेलात तरी दाब वाढल्यावर क्लच तोडणारा स्विच अवश्य बसवा. मूळ यंत्रणेत तो नव्हता. सुमारे ४४० पीएसआयला उघडणारा कॉम्प्रेसरवरचा व्हॉल्व्ह हाच शेवटचा आधार होता, आणि तो उघडला म्हणजे सगळा गॅस हवेत जातो.

विजेच्या बाजूचे थोडक्यात सांगतो. ब्लोअर आणि कॉम्प्रेसरचा क्लच यांना स्वतंत्र रिले आणि फ्यूज द्या, अर्थिंगच्या जागा घासून स्वच्छ करा, आणि ब्लोअर पूर्ण वेगात असताना मोटरच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. जुन्या तारांत दोन व्होल्ट हरवलेले असणे नेहमीचे आहे, आणि तेवढ्याने हवेचा जोर बराच घटतो.

यंत्रणा जोडल्यावर गळतीची चाचणी कोरड्या नायट्रोजनने, १५० पीएसआय दाबाने करा. ऑक्सिजनचा सिलिंडर यासाठी कधीही जोडू नये. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. सांध्यांवर साबणाचे पाणी लावा आणि दाब रात्रभर ठेवा. इथे एक हिशेब लक्षात ठेवावा. दुपारी ३५ अंशांना १५० दाखवणारा काटा पहाटे २० अंशांना, काहीही गळत नसताना, सुमारे १४२ वर येतो. आपल्याकडे कार्तिकानंतर दिवसरात्रीच्या तापमानात एवढे अंतर सहज पडते, म्हणून दोन्ही वेळचे तापमान लिहून ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. जुन्या कारागिरांकडे हिरवी ज्योत दाखवणारा गळतीशोधक दिवा असतो. तो क्लोरिन ओळखतो, आर-१३४ए मध्ये क्लोरिन नसल्याने इथे त्याचा उपयोग नाही.

त्यानंतर व्हॅक्यूम. आतली हवा काढण्याइतकेच आतले पाणी उकळवून बाहेर काढणे हा त्याचा हेतू असतो. ४० अंशांना पाणी सुमारे ५५ मिलिमीटर पारा इतक्या दाबाखालीच उकळू लागते, तर १० अंशांना दाब ९ मिलिमीटरपर्यंत उतरावा लागतो. म्हणून हे काम थंडीतल्या सकाळी करू नये. गाडी उन्हात तापवून, बॉनेटखाली ऊब असताना दोन्ही बाजूंनी किमान तासभर पंप चालवावा, आणि बंद केल्यावर अर्धा तास काटा हलत नाही हे पाहावे. ग्वाल्हेर समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंच असल्याने इथे उत्तम पंपही गेजवर २९ इंचांच्या थोडा पुढेच जाईल. काटा ३० ला टेकला नाही म्हणून पंपाला दोष देऊ नये.

गॅस नेहमी वजनाने भरावा. या काळातल्या मोठ्या शेव्हरोले गाड्यांत आर-१२ साधारण पावणेचार पौंड, म्हणजे १.७ किलो भरत. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा पाहून त्याच्या ८० टक्क्यांपासून सुरुवात करा. १.७ किलोच्या हिशेबाने तो १.३५ किलोच्या आसपास येतो. नवा कंडेन्सर आतून लहान असल्याने याहूनही थोडा कमी लागू शकतो. ड्रायरवरच्या काचेत बुडबुडे दिसेनासे होईपर्यंत भरण्याची जुनी रीत आर-१३४ए ला लागू पडत नाही. वजन बरोबर असतानाही त्यात बुडबुडे दिसतात, आणि ते घालवण्याच्या नादात गॅस जास्त भरला जाऊन दाब चढतो. इंजिन चालू असताना कमी दाबाच्या बाजूने सिलिंडर उलटा करून द्रव सोडू नका, कॉम्प्रेसरचे व्हॉल्व्ह मोडतात. पहिल्यांदा चालू करण्याआधी कॉम्प्रेसरच्या क्लचची पुढची तबकडी हाताने दहा-बारा फेरे फिरवा, म्हणजे साचलेले तेल जागेवर येते. काम झाल्यावर गॅस भरण्याच्या जागी आर-१३४ए ची टोके बसवून बॉनेटखाली गॅस आणि तेल यांची नावे लिहिलेली चिठ्ठी लावा, पुढचा कारागीर भलताच गॅस भरणार नाही. आणि जुना गॅस हवेत सोडू नका. ज्याच्याकडे तो परत घेण्याचे यंत्र आहे त्याच्याकडेच यंत्रणा रिकामी करून घ्या.

पहिली चाचणी उभ्या गाडीवर, कंडेन्सरसमोर मोठा पंखा लावून, इंजिन १,५०० फेऱ्यांवर ठेवून घ्या. हवा ४० अंशांची असताना उच्च दाब २३० ते २६० पीएसआयच्या दरम्यान असावा. तो ३०० च्या पुढे जाऊ लागला तर थांबून पंखा, श्राउड आणि गॅसाचे वजन याच क्रमाने तपासा. शिवपुरीच्या मोकळ्या रस्त्यावर बहुतेक सगळ्या गाड्या गार होतात. जूनच्या संध्याकाळी शहरातल्या बाडा चौकाच्या गर्दीत, इंजिन मंद चालू असताना झरोक्यातली हवा कितपत गार राहते, ही या कामाची मुख्य परीक्षा मानावी. त्या वेळी झरोक्यातले तापमान काही अंशांनी चढणे स्वाभाविक आहे, मात्र इंजिनच्या तापमानाचा काटा चढता कामा नये.

हिवाळ्यात हीच यंत्रणा तुम्हाला दुसरा लाभ देईल. धुक्याच्या सकाळी काच आतून धुरकटली तर हीटर आणि एसी दोन्ही चालू करून हवा काचेकडे सोडा. कूलिंग कॉइल हवेतला ओलावा गाळते, हीटर तीच हवा गरम करतो, आणि काच काही मिनिटांत स्वच्छ होते. पारा ४-५ अंशांवर उतरला असेल तेव्हा मात्र कॉम्प्रेसर चालवण्यात अर्थ नाही, तेव्हा केवळ हीटरवर भागवावे. बाकी संपूर्ण थंडीत महिन्यातून एकदा, दुपारच्या उन्हात, दहा मिनिटे तरी एसी चालवा, म्हणजे शाफ्टच्या सीलवर तेल राहील. कूलंट दर दोन वर्षांनी बदला, आणि होळीनंतर पहिल्या धुळीच्या वादळाआधी कंडेन्सर मागच्या, इंजिनकडच्या बाजूने हलक्या दाबाच्या पाण्याने धुऊन घ्या.